मागच्या दाराचा हिरवा माणूस

पाटी लावली त्याच दिवशी ती कोणीतरी झाकून टाकली.

मी डबा खाऊन वर आलो, तर मागच्या दरवाजावरची माझी नवीकोरी पाटी दिसेना. तिच्या जागी एक चौकड्यांचा दुपट्टा लोंबत होता. दुपट्टा मी लगेच ओळखला. माझ्या थोरल्या भावाचा, धम्मदीपचा होता. आणि स्टुलावरून उतरून, काही केलंच नाही अशा चेहऱ्यानं पदर खोचणारी बाई म्हणजे माझी सख्खी आई, मथुराबाई.

"माय, हे काय केलं?"

"तुले काय करायचं? तू तुह्यं काम कर."

"तेच तर केलतं! माह्यं कामच तू झाकून ठेवलं."

"दुसरीकडं लाव. इथं नोको."

आता दुसरीकडे कुठे लावू? दरवाजा तर तिथेच होता.

हे हॉस्पिटल यवतमाळच्या कडेला, एका ट्रस्टचं. नाव सांगत बसत नाही. दूरच्या कुठल्याशा शहरात दवाखान्याला आग लागली, पेपरात फोटो आले, तेव्हा आमच्याकडच्या ट्रस्टी मंडळींना एकदम जाग आली. इमारतभर बाहेर जाण्याच्या वाटेच्या पाट्या लावायच्या आणि लाइट गेली की आपोआप पेटणारे बॅटरीचे दिवे बसवायचे, असं काम निघालं. ते भगवानराव ठेकेदारांना मिळालं. मी त्यांचा वायरमन, राजदीप. पाटी काही अवघड वस्तू नाही. पांढऱ्या चौकटीत एक हिरवा माणूस, एक पाय उचलून पळतो आहे, पुढे बाण. आतला दिवा लागला की आजूबाजूची भिंतही हिरवी होते. लहान पोराला दाखवली तरी समजेल. आमच्या मायला मात्र नको ते समजलं.

खरं तर हे काम मी भगवानरावांकडून मागून घेतलं होतं, कारण धम्मदीप तिथे वरच्या मजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात होता. त्या भादव्यात तो वॉर्ड फवारणीवाल्यांनीच भरला होता. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. पंपाची नळी वर धरून फवारायचं, म्हणजे निम्मं औषध झाडावर आणि निम्मं आपल्याच तोंडावर. धम्मदीप आमच्या गावच्या, कळंबच्या अलीकडच्या, बबनरावांच्या शेतात मजुरीनं फवारायला जायचा. एका दुपारी तो धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उलट्या करत पडला. बबनरावांनीच त्याला मोटरसायकलवर मधे बसवून, मागून एका गड्यानं धरून, इथवर आणला.

अशा पेशंटला जे इंजेक्शन देतात, त्यानं जीव वाचतो, पण माणूस काही दिवस माणसात राहत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, जीभ कोरडी पडते आणि त्याला नसलेलं दिसायला लागतं. धम्मदीप हवेतली बोंडं वेचायचा. सलाइन उपसून काढायचा. म्हणून त्याचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीनं खाटेला बांधून ठेवले होते. वॉर्डातल्या बहुतेकांचे तसेच होते. पहिल्या दिवशी ते पाहून मी जिन्यात जाऊन रडलो. सांगायला लाज कसली?

वॉर्डातून खाली जायला दोन वाटा. समोरून जिना, ज्यानं सगळे चढायचे-उतरायचे. आणि मागच्या टोकाला एक दरवाजा, त्याच्या पलीकडे स्ट्रेचर नेण्यासाठी बांधलेला लांब उतार, थेट मागच्या अंगणात जाणारा. इमारत बांधणाऱ्यानं तो पेशंट वर आणायला बांधला असेल. पण पेशंट समोरच्या जिन्यानं खुर्चीवर बसवून आणायची सवय पडली, आणि उतार उरला फक्त गेलेल्यांसाठी. रात्री कोणी गेला की मागचा दरवाजा उघडायचा, आणि अंगणात शववाहिनी उभी असायची. त्या दरवाजातून आजवर कोणी आत आलेलं नव्हतं. वॉर्डातले नातेवाईक त्याला 'तो दरवाजा' म्हणायचे आणि त्याच्याजवळची खाट रिकामी असली तरी आपल्या माणसाला तिथे ठेवू द्यायचे नाहीत.

आणि त्या दरवाजावर मी पळणारा माणूस लावला होता. पुढे बाण.

"सकायपासून धम्मदीप मले म्हणे, माय, तो हिरवा माणूस पाह्य," माय हळूच सांगायला लागली. "म्हणे, तो दारातून पळते आन् मले हात करते. म्हणते, चाल. आता सांग, झाकू नाई तर काय करू?"

माझीही नजर त्या दरवाजाकडे गेली. पण गेली म्हणून मान्य कसं करायचं? आमच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरी ना लिंबू-मिरची, ना अंगारा, ना दिशा, ना मुहूर्त. आणि ही मथुराबाई तर साऱ्या गावाला त्यावरून सुनवायची. कोणाच्या घरी उतारा टाकलेला दिसला की भर रस्त्यात उभी राहून त्यांची हजेरी घ्यायची. मी तिला तेच ऐकवलं.

"ते गावात," माय म्हणाली. "इथं माह्यं लेकरू हाये."

शेजारच्या खाटेवर मुकुटबनकडचे बापूजी होते. स्वतःच्याच शेतात फवारताना औषध लागलं होतं त्यांना. त्यांच्या उशाशी त्यांच्या पत्नी विमलकाकू बसलेल्या असायच्या. काकूंनी कळंबच्या चिंतामणीचा अंगारा आणून बापूजींच्या कपाळाला लावला होता, आणि माय रोज त्यांना त्यावरून टोमणे मारायची. दोघींचं कशावर म्हणून पटत नव्हतं. पण पाटी झाकायला स्टूल कोणी धरलं होतं? विमलकाकूंनी!

मी दुपट्टा काढला. संध्याकाळी पुन्हा होता. मी पुन्हा काढला, पुन्हा लागला. शेवटी शीला सिस्टर म्हणाल्या, "राजदीपभाऊ, राहू द्या ना. तुमचा भाऊ निदान शांत झोपला आज."

मग मी नाद सोडला. धुसफुसत का होईना. फक्त एक गंमत मी तेव्हाच पाहून ठेवली. दिवस मावळून वॉर्डात अंधारायला लागलं की त्या जाड दुपट्ट्यातूनही हिरवं दिसायचंच. माणसाचा आकार नाही, पण उजेड येत होता, आरपार. मायला मी ते सांगितलं नाही. उगाच तिनं सतरंजी टांगली असती.

पुढे आक्रीत घडलं त्या दिवशी दिवेलागणीला मी मागच्या अंगणात होतो. उताराच्या पायथ्याशी शेवटचा दिवा बसवत होतो. एकाएकी सगळी इमारत अंधारली आणि माझा दिवा आपोआप पेटला. खरं सांगतो, आधी मला आनंदच झाला. काम चोख झालं होतं. मग वास आला. वायरचं प्लास्टिक जळतं तो वास आमच्या धंद्यातल्या माणसाला झोपेतही कळतो. मी कोपऱ्यावरून वाकून पाहिलं, तर समोरच्या जिन्याखाली जिथे मीटरचं बोर्ड होतं, तिथून काळा धूर लोळत वर चालला होता. जिन्याचंच धुराडं झालं होतं. आणि जिना थेट वॉर्डात उघडत होता.

हात बांधलेला धम्मदीप डोळ्यांसमोर आला. मी उतारावरून वर धावलो.

दरवाजा ओढला तेव्हा आत काय दिसलं ते अजूनही कधीकधी मला झोपेतून उठवतं. माझे बॅटरीचे दिवे लागले होते, पण धुरात त्यांचा नुसता पांढरा फुफाटा झाला होता. खाटांवर माणसं हात ताणून तडफडत होती. आणि त्यांचे बहुतेक नातेवाईक पलीकडच्या टोकाला, जिन्याच्या तोंडाशी, जिथून धूर आत येत होता तिथेच एकमेकांना रेटत होते. खोकत होते, मागे सरत होते, पुन्हा तिकडेच घुसत होते. या बाजूला एकाचंही तोंड नव्हतं. दुपट्ट्यामागे हिरवा उजेड मंद जळत होता.

दरवाजाचा आवाज झाला तशा विमलकाकू वळल्या. मला पाहून त्यांनी अशी किंकाळी फोडली की सगळा वॉर्ड वळला. धुरात काळं काहीतरी त्या दरवाजातून आत आलं होतं. लोक आगीला भ्याले नसतील तेवढे मला भ्याले.

एकटा धम्मदीप हसला. "आला," तो म्हणाला. "हिरवा माणूस आत आला. मी म्हणत नोतो?"

"मी हाये, राजदीप!" मी ओरडलो. "इकडून चाला! उतार मोकळा हाये!"

कोणी हललं नाही. एक पाऊल नाही. मी धावत मायपाशी गेलो. ती धम्मदीपच्या अंगावर पालथी पडून त्याला धरून होती.

"माय, ऊठ."

"तिथून नाई नेऊ देत मी माह्या लेकराले."

"माय, जिना पेटला!"

"पेटू दे! तिथून जो गेला तो वापस आला काय? सांग मले, आला काय?"

"मी आलो ना! आत्ता! तुह्या डोयासमोर आलो!"

मी वाट पाहिली नाही. खिशातल्या कटरनं धम्मदीपच्या हातांची बँडेजं कापली. तोच कटर शेजारच्या माणसाच्या हातात कोंबला, "काप, साऱ्यांची काप." मग उडी मारून दरवाजावरचा दुपट्टा ओरबाडला. हिरवा माणूस उघडा पडला. दुपट्टा पाण्याच्या बादलीत बुडवून मी धम्मदीपच्या नाकातोंडावर बांधला आणि चादरीची उशाकडची टोकं धरली.

"पायाकडून धर, माय."

तिनं धरली. आम्ही उचलला. खाट जशी होती तसे त्याचे पाय दरवाजाकडे आले, आणि मायनं चादर तिथेच सोडून दिली.

"पाय पुढं? जित्या माणसाचे पाय पुढं? मुडदा हाये का तो? डोकं पुढं घे त्याचं!"

धुरातून शीला सिस्टर खोकत ओरडल्या, "पाय पुढेच घ्या हो! उतार आहे, डोकं खाली गेलं तर श्वास लागेल त्याला!"

सिस्टरचं बरोबर होतं. अगदी बरोबर होतं, आणि ते मला कळत होतं. दरवाजा हाताच्या अंतरावर, मागून धूर छातीत उतरतो आहे, आणि मी भावाची चादर धरून उभा. सगळा वॉर्ड माझ्याकडे पाहत होता. पाय पुढे करून नेलेलं माणूस परत येत नाही, हे त्यांतल्या प्रत्येकानं त्याच दरवाजात पाहिलं होतं. आणि मी, आजोबांच्या दीक्षेचा दाखला देणारा? माझेही हात उचलेनात. मीही भ्यालो होतो. आगीला नाही, पायांना.

"डोकं पुढं!" मी ओरडलो. "साऱ्याइनं डोकं पुढं घ्या! फिरवा!"

तिथेच, त्या धुरात, आम्ही धम्मदीपला गर्रकन फिरवला. ते विमलकाकूंनी पाहिलं. "डोकं पुढं घ्या वो!" त्यांनी आपल्या पुतण्याला हाक दिली आणि बापूजींची चादर फिरली. मग पलीकडची. एकदम सगळा लोंढा सुटला. ज्या दरवाजाकडे कोणी पाठ करून झोपायचं नाही, त्या दरवाजात माणसं चादरी फिरवत, एकमेकांना "डोकं, डोकं" म्हणत घुसायला लागली. मूर्खपणा होता. पण त्या मूर्खपणानंच पाय उचलले.

उतारावर मी पुढे, उलटा चालत होतो. धम्मदीपचं डोकं खाली जाऊ नये म्हणून चादर खांद्यापर्यंत उचलून धरली होती. मागे माय कंबरेत मोडल्यासारखी वाकून, त्याचे पाय जमिनीलगत धरून येत होती. ओल्या दुपट्ट्यातून त्याचा श्वास घरघर वाजत होता. मी तोच आवाज ऐकत पाय मागे टाकत होतो. उताराच्या मधोमध तो आवाज थांबला.

"माय," मी म्हणालो.

"चाल."

"माय, तो श्वास..."

"चाल म्हणते ना!"

खालपर्यंत मी कसा आलो मला आठवत नाही. अंगणात, शववाहिनी जिथे लागायची नेमकी त्याच जागी, आम्ही त्याला टेकवला. मायनं दुपट्टा खाली ओढला. दोन्ही हातांनी त्याचे गाल धरले. चापट मारली. दुसरी मारली. मी मटकन खाली बसलो. मला वाटलं, सिस्टर पाय पुढे म्हणत होती, आणि मी ऐकलं नाही.

धम्मदीप खोकला. छातीतून काहीतरी उखडावं तसा खोकला, आणि म्हणाला, "मारते कायले वो? पाणी दे."

माय तिथे हंबरडा फोडून रडली. मी तिला तशी रडताना कधी पाहिली नव्हती, बाप गेला तेव्हाही नाही.

सगळे उतरले. एकही माणूस वर राहिला नाही. शीला सिस्टर सगळ्यात शेवटी आल्या. डोकं पुढे की पाय पुढे, हा प्रश्नच त्यांनी ठेवला नव्हता. त्यांनी एका म्हाताऱ्याला सरळ पाठुंगळी घेतला होता. बंब आला तोवर जिना आतून काळा ठिक्कर पडला होता.

पुढे काही दिवस जिना बंद राहिला. वॉर्ड धुऊन पुन्हा सुरू केला, आणि वर जायला-यायला मागचा उतारच तेवढा उरला. मग काय! डबे त्याच वाटेनं वर जायला लागले, फळं, थर्मास, माहेरच्या बाया. विमलकाकू त्याच दरवाजातून अंगारा घेऊन यायच्या आणि माय तिथेच त्यांना टोमणा मारायची. हिरव्या माणसावर पुन्हा कोणी काही टांगलं नाही. धम्मदीपच्या बाहुल्या हळूहळू लहान झाल्या. तो बोंडं वेचायचा थांबला. आपण हिरव्या माणसाला काय काय म्हणालो ते सांगितलं तर लाजायचा.

सुट्टी मिळाली त्या दिवशी मी त्याच उतारावर शिडी लावून पाटीची तपासणी करत होतो. धम्मदीप स्वतःच्या पायांनी दरवाजातून बाहेर आला. माय मागे, त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरून. खाली अंगणात बबनराव मोटरसायकल घेऊन उभे होते. त्यांनी येताना केळी आणली होती. माणूस वाईट नाही. दवाखान्यात तीन-चार चकरा त्यांनी मारल्या होत्या.

"बरं वाटते ना आता?" ते म्हणाले. "घाई नाई, बाप्पा. दोन-चार दिवस आराम कर, मंग ये."

"कायले ये?" मी शिडीवरूनच विचारलं.

धम्मदीप माझ्याकडे पाहून हसला. "अबे, फवारणी राह्यली ना अर्धी. अळी थांबते का आपल्यासाठी?"

मी शिडीवरून उतरलो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण बोललो हळूच. "दादा, माह्यासंगं चाल. वायर ओढायले माणूस पाह्यजेच हाये. भगवानरावाशी मी बोलतो. आजपासून."

त्यानं शिडीकडे पाहिलं. भिंतीतून बाहेर आलेल्या तारांकडे पाहिलं आणि चक्क एक पाऊल मागे सरला.

"ना बा. करंट लागून मेलो म्हंजे? मले त्या तारांचं भेव वाटते."

"आन् औषधाचं नाई वाटत?"

"हे हाये ना." त्यानं खांद्यावरचा दुपट्टा उचलून दाखवला. चौकड्यांचा. मायनं धुऊन, घडी करून दिला होता. "ओला करून बांधला का झालं. याच्यानंच तं वाचलो मी त्या दिवशी. तूच तं बांधला होता."

मी मायकडे पाहिलं. ज्या बाईनं एका पाटीपायी वॉर्ड डोक्यावर घेतला होता, ती आता काय म्हणते?

"माय, तू तरी सांग त्याले."

माय पुढे झाली. दुपट्टा त्याच्या हातून घेतला, नाकावरून नीट ओढून मागे घट्ट गाठ मारली.

"असा बांधत जा," ती म्हणाली. "सैल नोको ठेवू."

"माय, त्यानं काई होत नाई!"

"गप ऱ्हाय. जाताना असं बोलू नाई."

बबनरावांनी गाडी सुरू केली. धम्मदीप मागे बसला आणि फाटकापाशी वळून त्यानं हात केला. दुपट्ट्याच्या वर त्याचे नुसते डोळे दिसत होते, हसणारे. माय समाधानानं हात हलवत होती. मी पाना हातात धरून तिथेच उभा होतो. त्याच दुपट्ट्यातून माझ्या पाटीचा हिरवा उजेड रोज संध्याकाळी आरपार येताना मी पाहिला होता.